गिऱ्हाईक दारी कसे येते?



काही वर्षांपूर्वी आमच्या गावी स्टेशनाचा एक जुना जिना दुरुस्तीसाठी बंद झाला. त्याच्या पायथ्याशी दोन दुकाने होती. एक वह्या-पुस्तकांचे व दुसरे शिंप्याचे. सकाळ-संध्याकाळ हजारो माणसे तेथून जात-येत आणि जाता जाता दोन्ही दुकानांत डोकावत. जिना बंद होताच ही सारी वर्दळ पलीकडच्या पुलाकडे वळली. वह्या-पुस्तकांचा धंदा महिन्याभरात निम्म्यावर आला. शिंप्याचा मात्र फारसा ढळला नाही. मी त्यास कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे माणसे जिन्यावरून येत होती, पण जिन्यामुळे येत नव्हती."

हे वाक्य गेल्या वर्षी मला वारंवार आठवले. निमित्त होते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. ही बाई डोंबिवलीस दिवाळीचा फराळ, भाजणी व उपवासाची पिठे करून विकते. तिची बरीच गिऱ्हाइके परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील आहेत, आणि दिवाळीच्या आधी दोन महिने तिच्याकडे सहा बायका कामास येतात. तिच्या मुलाने काही वर्षांपूर्वी तिला एक संकेतस्थळ करून दिले. त्यावर तिने चाळीसएक लेख लिहिले: चकली मऊ का पडते, अनारशाचे पीठ कसे टिकवावे, परदेशी पाठवायचा फराळ कसा बांधावा. लोक इंटरनेटवर असे प्रश्न विचारीत, तिचा लेख वाचीत, आणि वाचणाऱ्यांपैकी काही जण फराळही मागवीत. परंतु गेल्या दोन वर्षांत वाचणारांची संख्या घसरू लागली. "मास्तर, लेख तेच, फराळ तोच, मग माणसे गेली कोठे?" असे विचारीत ती माझ्याकडे आली. तिच्या हातात एका जाहिरात कंपनीचे पत्र होते. दरमहा शंभर लेख यंत्राकडून लिहवून घेऊन तुमची वर्दळ पूर्ववत करून देऊ, असे त्यात आश्वासन होते. मागितलेली रक्कम मात्र सहा बायकांपैकी दोघींच्या मजुरीएवढी होती.

मी मॅट्रिक झालेला, निवृत्त शाळामास्तर. या विषयातील पंडित नव्हे. तथापि विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आणि मास्तरांना उत्तर येत नसले, तर मास्तरांनी अभ्यास करावा, हा आमच्या वेळचा शिरस्ता. तो अभ्यास आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपयुक्त माहिती फुकट द्यावी, विश्वास मिळवावा आणि त्या विश्वासाच्या बळावर माल विकावा, ही युक्ती इंटरनेटने काढलेली नाही. जॉन डिअर या लोहाराने अमेरिकेत १८३७ साली पोलादी नांगर घडविला. त्याच्या नावाने चालणाऱ्या कारखान्याने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो', म्हणजे 'नांगराचे तास', या नावाचे नियतकालिक काढले. फ्रान्समधील मिशेलिन हा मोटारींचे टायर करणारा कारखाना. त्याने १९०० साली मोटारवाल्यांसाठी प्रवासाची मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. लोकांनी हिंडावे, म्हणजे टायर झिजतील, हा त्यातील साधा हिशेब!

आपल्याकडचे उदाहरण तर याहून सरस आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या वेळच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या नांगरापुढे अडचण होती ती किमतीपेक्षा समजुतीची. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी मानीत. 'आमचा नांगर उत्तम' असे भिंतीवर कितीही मोठ्या अक्षरांत लिहिले, तरी असली समजूत जात नाही. ती समजावून सांगण्याने जाते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. आरंभी त्यात कारखान्याचा माल व तेथील घडामोडी यांनाच स्थान असे. हळूहळू उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा व कथा हे विषय आले. पुढे नावातील 'खबर' हा शब्द गळाला, आणि त्याच संस्थेतून १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगराची ओळख करून देण्यासाठी काढलेले पत्रक मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले, कारण वाचणाऱ्यास त्यातून काही तरी मिळत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'खबर' टपालाने वाचकाच्या पत्त्यावर जात असे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये केवळ पोस्टमन होता, आणि पोस्टमन काही पाकीट फोडून आतील मजकुराचा सारांश स्वतःच सांगत नसे. आजच्या अडचणीचे मूळ या एका फरकात आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

संकेतस्थळ हे रस्त्यावरचे दुकान नव्हे. त्याच्यासमोरून कोणी सहज जात नाही. तेथे मनुष्य येतो तो बहुधा शोधयंत्राच्या बोटाला धरून. हे शोधयंत्र कसे चालते? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. अशा जुन्या संस्थेत जाऊन आपण ग्रंथपालास म्हणतो, "पेशवाईवर काही चांगले द्या." ग्रंथपाल सूची पाहतो आणि त्या विषयावरील पुस्तकांतून दोन-चार निवडून पुढे ठेवतो. शोधयंत्राचेही काम असेच तीन टप्प्यांचे आहे. त्याचे यांत्रिक वाचक अहोरात्र जगातील पाने वाचीत फिरतात. वाचलेल्या पानांची सूची करतात. आणि आपण प्रश्न विचारताच त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने मांडतात. खरी मेख आहे ती या क्रमात. पहिल्या पाच-दहांत नाव आले तर गिऱ्हाईक येणार. चाळिसाव्या क्रमांकास कोण विचारतो?

लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी १९९८ साली गूगल ही कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना अशी की, एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याने त्याची शिफारस केली असे समजावे, आणि ज्याची स्वतःची शिफारस बहुतांनी केली आहे, त्याच्या शिफारशीला अधिक वजन द्यावे. व्यवहारात आपण हेच करतो. परंतु परीक्षेत गुण कशास मिळतात हे कळले की काही मुले अभ्यास सोडून त्या गुणांच्याच मागे लागतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. येथेही तेच घडले.

आरंभी लोकांनी शब्दांची भरताड केली. पानाच्या तळाशी 'ठाणे फराळ, कल्याण फराळ, डोंबिवली फराळ' असे शंभर वेळा लिहायचे, आणि वाचकास दिसू नये म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचे! पानाच्या पोटात शब्दांची एक गुप्त यादी ठेवण्याचीही चाल होती. क्रम लावताना आम्ही त्या यादीकडे पाहतच नाही, असे गूगलने २००९ साली उघड सांगून टाकले. मग पोकळ लेखांचे व भाडोत्री शिफारशींचे पीक आले. २०११ साली 'पांडा' या नावाने ओळखली जाणारी सुधारणा झाली आणि पोकळ पाने मागे पडली. २०१२ साली 'पेंग्विन' आली आणि विकत घेतलेल्या दुव्यांवर गदा आली. दर वेळी मुले नवी नक्कल शोधीत आणि परीक्षक नवी प्रश्नपत्रिका काढी. या सर्व काळात जो खरोखर वाचकाच्या उपयोगाचे लिहीत होता, तो पडला तरी पुन्हा उभा राहू शकला. कारण परीक्षकाला अखेर तेच हवे होते.

पुढचा पालट मोबाइलने घडविला. २०१६ साली जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. ज्या घरांत संगणक कधी आला नाही, त्या घरांतील माणसेही प्रश्न विचारू लागली. टंकलेखन न येणारी तर बोलून विचारू लागली. प्रश्नांचे रूपही बदलले. 'फराळ' एवढा एकच शब्द टाकण्याऐवजी 'माझ्या जवळ घरगुती फराळ कोठे मिळेल' असे सबंध वाक्य येऊ लागले. अशा प्रश्नाचे उत्तर लेखांच्या सूचीतून येत नाही, नकाशातून येते. कल्याणच्या किंवा ठाण्याच्या दुकानदाराने नकाशावर आपली नोंद करणे विनामूल्य आहे. वेळ, दूरध्वनी, चार छायाचित्रे, आणि गिऱ्हाइकांच्या बऱ्या-वाईट अभिप्रायांना सभ्य उत्तरे एवढे त्यासाठी पुरते. माझ्या विद्यार्थिनीने चाळीस लेख लिहिले होते, पण नकाशावरील तिची वेळ चुकीची होती आणि दूरध्वनीचा क्रमांक जुना होता. स्टेशनावर उतरलेले गिऱ्हाईक त्यामुळे किती वेळा परत गेले असेल, कोण जाणे!

आता सर्वांत अलीकडच्या पालटाकडे वळू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' हे संभाषण करणारे यंत्र लोकांस खुले झाले. विचारलेल्या प्रश्नास पानांची यादी न देता ते थेट वाक्यांत उत्तर देते. गूगलनेही हीच वाट धरली. शोधाच्या उत्तरांत सर्वांत वर यंत्राने लिहिलेला सारांश देण्याची सोय भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी व हिंदी भाषांत सुरू झाली. म्हणजे ग्रंथपाल आता पुस्तक हातात देत नाही. स्वतःच चार पुस्तके चाळून 'त्यांत असे असे म्हटले आहे' एवढे सांगतो, आणि विचारणारा तेथूनच माघारी फिरतो. मघाशी पोस्टमनची गोष्ट सांगितली ती यासाठी.

याचा परिणाम मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने तेथील सुमारे ९०० प्रौढांच्या मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली. जेथे यंत्राचा सारांश दिसला नाही, तेथे शंभर शोधांपैकी १५ वेळा लोकांनी एखाद्या पानाच्या दुव्यावर टिचकी मारली. जेथे दिसला, तेथे केवळ ८ वेळा. आणि खुद्द सारांशात दिलेल्या दुव्यावर टिचकी मारणारे शंभरांत १ इतकेच निघाले. हे आकडे अमेरिकेचे आहेत, डोंबिवलीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु 'माणसे गेली कोठे?' या प्रश्नाचे उत्तर त्यांतून पुष्कळसे मिळते. जिना बंद झाला आहे. दुकानात काही बिघडलेले नाही.

अशा वेळी शंभर यांत्रिक लेख कामास येतील काय? त्या कंपनीने नमुन्यादाखल पाठविलेला अनारशांवरील लेख मी वाचला. भाषा स्वच्छ, परिच्छेद आखीव, शेवटी 'मुलांना हा पदार्थ नक्कीच आवडेल' असे समाधान. आणि मध्ये एक वाक्य: 'तांदूळ तीन तास भिजत घालावेत.' ज्या घरात अनारसे होतात, त्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते की, तांदूळ तीन दिवस भिजवितात आणि रोज पाणी बदलतात. हे वाक्य माझ्या विद्यार्थिनीच्या नावाने प्रसिद्ध झाले असते, तर ज्यांच्या विश्वासावर तिचा धंदा उभा आहे, त्या आजीबाईंनी काय म्हटले असते?

समजा, चूक नसती. तरीही सौदा तोट्याचाच होता. जो मजकूर यंत्र लिहू शकते, तो सारांशातही यंत्र देऊ शकते. मग त्यासाठी आपल्या दारी कोण येईल? शिवाय शोधात वरचा क्रम मिळावा एवढ्याच हेतूने घाऊक पाने काढणे, मग ती यंत्राने काढलेली असोत वा माणसाने, हे आपल्या नियमांविरुद्ध आहे असे गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये, पानांचा दर्जा तपासणाऱ्या परीक्षकांसाठी असलेल्या नियमावलीत 'अनुभव' हा निकष त्याने नव्याने घातला होता. लिहिणाराने ही गोष्ट स्वतः केली आहे काय, पाहिली आहे काय, हे परीक्षकाने विचारात घ्यावे असा त्याचा अर्थ.

या 'अनुभव' शब्दापाशी मला वाट दिसली. मी तिला म्हटले, "बाई, चकली म्हणजे काय हे लिहू नकोस, ते जगाला ठाऊक आहे. तुझ्या कढईने तुला काय शिकविले, ते लिही." मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल होते, आत ओलावा राहतो, आणि दोन दिवसांनी ती मऊ पडते, मोहन अधिक झाले तर तेलात विरते, पुरती निवण्याआधी डब्यात भरली तर तिच्याच वाफेने सादळते. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत हे कसे सांभाळावे, हे तिने वीस वर्षे कढईपाशी उभे राहून मिळविलेले ज्ञान आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पार्सलांवरील जकातमाफी काढून घेतली, आणि आपल्या टपाल खात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सले काही काळ थांबविली. ऑक्टोबरच्या मध्यास ती पुन्हा सुरू झाली. दिवाळी तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती! त्या सात आठवड्यांत अमेरिकेतील प्रत्येक मराठी घराचा एकच प्रश्न होता: फराळ पोहोचेल की नाही? जुन्या मजकुरावर पोसलेल्या यंत्राला त्याचे नेमके उत्तर कोठून येणार? ते तिला येत होते, कारण ती रोज पार्सले घेऊन खिडकीपाशी उभी होती. कोणत्या मार्गाने पाठविले, किती दिवसांत पोहोचले, जकात किती पडली, हे तिने तारखेनिशी लिहिले आणि बदल होताच पान दुरुस्त केले. गेल्या दिवाळीत तिचे सर्वाधिक उपयोगी पडलेले पान हेच.

मांडणीतही आम्ही थोडा फेर केला. पूर्वी ती दिवाळीच्या वर्णनाने आरंभ करी आणि उत्तर तिसऱ्या परिच्छेदात येई. आता मथळा प्रश्नाचा, आणि त्याखाली दोन वाक्यांत सरळ उत्तर. कारणे व बारकावे नंतर. घाईत असलेल्या माणसास हे सोयीचे. यंत्राने सारांश केलाच, तर त्यालाही नेमके वाक्य उचलून आपले नाव देणे सोपे जाते. प्रत्येक पानावर लिहिणारीचे नाव आणि दुरुस्तीची तारीखही असते.

आम्ही वहीही तपासली. चाळीस लेखांपैकी सर्वांत अधिक वाचला गेलेला लेख आकाशकंदील कसा करावा, हा होता. त्या लेखावरून फराळाची मागणी किती आली? एकही नाही! म्हणजे गेलेल्या वर्दळीपैकी बरीचशी आपल्या कामाची नव्हतीच. वर्गात किती मुले बसली यापेक्षा किती शिकली, हे मास्तराने मोजावे. दुकानदाराने दारावरून गेलेली डोकी मोजण्यापेक्षा आत आलेली गिऱ्हाइके मोजावी.

शेवटची गोष्ट जुनीच, पण सर्वांत मोलाची. ज्यांनी एकदा फराळ नेला, त्यांची नावे व पत्ते त्यांच्याच परवानगीने एका वहीत उतरवून ठेवणे. गणपती झाले की त्या सर्वांस एक छोटे पत्र जाते. कोणास ई-मेलने, कोणास व्हॉट्सॲपवर. त्यात यंदाचे भाव, शेवटची तारीख, आणि एखादी उपयोगी सूचना. या पत्राच्या व वाचकाच्या मध्ये क्रम लावणारे कोणी नाही. किर्लोस्करवाडीहून शंभर वर्षांपूर्वी निघणाऱ्या अंकाचाच हा धाकटा भाऊ समजा.

मग कंपनीचे पत्र? ते तिने साभार परत केले. सहाही बायका गेल्या दिवाळीत कामास होत्या. संकेतस्थळावरची वर्दळ पूर्वीइतकी झाली नाही, आणि ती होईल असे मी तिला सांगितलेही नाही. काही जुनी गिऱ्हाइके सुटली ती सुटलीच. मात्र दूरध्वनी करून "तुमचे वाचले, म्हणून विचारतो" असे म्हणणारी माणसे वाढली. ती माणसे भावाची घासाघीस कमी करतात, असे ती म्हणते.

आपणांपैकी कोणी शिकवणीचा वर्ग चालवीत असेल, कोणी औषधांचे दुकान, कोणी घरगुती खाणावळ. शोधयंत्र असो, नकाशा असो की बोलणारे यंत्र असो, हे सारे दुसऱ्याच्या मालकीचे जिने आहेत. ते आज येथे आहेत, उद्या पलीकडे जातील. त्यांचा उपयोग जरूर करावा, ते कोठे हलले याकडे लक्षही ठेवावे. परंतु जिना हलला तरी चार पावले वळसा घालून आपलेच नाव विचारीत येणारे गिऱ्हाईक जोडले आहे काय, हा हिशेब वर्षातून एकदा प्रत्येकाने करावा. आमच्या शिंप्याने तो केला होता. त्याच्या दारावर पाटीदेखील नाही.